जावयाच्या पायगुणाचा वारा

नेदरलँड्समध्ये राहायला गेल्यावर पहिली दोन वर्षं मी वाऱ्याला शिव्या घातल्या. तिथे सगळे सायकलने ऑफिसला जातात म्हणून मीही जात असे, आणि वारा जाताना समोरून यायचा, येतानाही समोरूनच. हे भूगोलाच्या कोणत्या नियमात बसतं ते मला आजतागायत कळलेलं नाही. तिसऱ्या वर्षी डोक्यात आलं, की या देशात मुबलक अशी ही एकच गोष्ट आहे, तर तिच्याशी भांडण्यापेक्षा सोयरीक करावी. एकेचाळिसाव्या वर्षी मी काइटबोर्डिंग शिकायला समुद्रावर गेलो.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बारा चौरस मीटरचा एक कापडी पतंग असतो. त्याच्या कडेच्या नळीत पंपाने हवा भरायची. त्याच्या लांबलचक दोऱ्या आपल्या कमरेच्या रुंद पट्ट्यावरच्या आकड्यात अडकतात, म्हणजे ओढ हातांना नाही, कमरेला बसते. पायाखाली फळी. पतंग ओढतो, आपण मागे रेलतो आणि पाण्यावरून सुसाट जातो. माहितीपत्रकात तरी असंच लिहिलं होतं.

माझी शिक्षिका इनेके नावाची साठीची बाई होती. ती किनाऱ्यावरून एकच वाक्य ओरडायची, ‘मागे रेल!’ ओढ आली की माणूस पुढे झुकतो आणि तोंडावर आपटतो. मी तर नाशिकचा. आमच्याकडे पर्वणीच्या गर्दीत कुणी हात धरून ओढलं की मुकाट त्याच्यामागे जायचं, ही लहानपणापासूनची शिकवण. मी चार महिने आपटलो. उत्तर समुद्राचं पाणी फार गार आणि फार खारट असतं, हे मी आता अधिकाराने सांगू शकतो. पाचव्या महिन्यात एकदा मागे रेललो आणि चक्क उभा राहिलो. दोनशे मीटर गेलो, आनंदाने दोन्ही हात वर केले आणि पुन्हा आपटलो. पण त्या दिवसापासून वेड लागलं. सकाळी उठून देवाला हात जोडण्याआधी मी फोनवर वाऱ्याचा अंदाज पाहू लागलो.

या फेब्रुवारीत तीन आठवड्यांसाठी घरी निघालो, तेव्हा बायकोने, म्हणजे वैशालीने, दहादा बजावूनही मी पतंग बरोबर घेतला.

कॉलेज रोड, आणि मग पिंपळगावच्या पुढे

नाशिकला कॉलेज रोडवर आईकडे चार दिवस काढले. आईने ती भली मोठी पिशवी पाहून विचारलं, “हे काय, तंबू?” मी म्हणालो, पतंग. “संक्रांत झाली की रे,” ती म्हणाली, आणि तो विषय तिने तिथेच संपवला.

वैशालीचं माहेर पिंपळगाव बसवंतपासून अर्ध्या तासावर, एका धरणाच्या काठाला आहे. फेब्रुवारीत त्या रस्त्याने गेलं की महिना विचारावा लागत नाही. क्रेट भरलेले टेम्पो, कोल्ड स्टोरेजच्या दारातली रांग, आणि चहाच्या टपरीवर एकमेकांशी बोलताना आभाळाकडे बघणारी माणसं. द्राक्षवाल्या माणसाशी या दिवसांत नजरानजर होत नाही. त्याची नजर ढगात असते.

माझे सासरे अण्णा त्यातलेच. त्यांचे तीन प्लॉट. घराला लागून असलेला दोन एकरांचा प्लॉट परदेशी जाणाऱ्या मालाचा. तो आठ-दहा दिवसांत काढणीला येणार होता. एकेक घड हाताने विरळलेला, मणी सारखे, रंग सारखा. अण्णा रोज सकाळी वेली चढवलेल्या तारांच्या त्या मांडवाखाली वाकून फिरायचे आणि कुणाशी बोलायचे नाहीत.

आणि मी? मी जावई. बारा वर्षांत त्या घरात मी स्वतःच्या हाताने पाण्याचा तांब्या भरून घेतलेला नाही. उठलो की कुणीतरी “बसा, बसा” म्हणतं. क्रेट उचलायला गेलो तर मेहुणा संदीप तो हातातून काढून घेतो. हॉलंडमध्ये सासरी गेलेल्या जावयाला पहिल्याच दिवशी भांडी घासायला लावतात. तिथला माझा एक सहकारी याबद्दल कुरकुरायचा, आणि मला त्याचा हेवा वाटायचा. पतंग मी का नेला, याचं खरं उत्तर हेच. त्या घरात निदान एक काम असं असावं, जे माझं मी करीन.

शेततळं

पतंगाचं प्रयोजन ऐकून अण्णांनी पाच मिनिटं विचार केला. मग म्हणाले, “धरणावर कशाला जाता जावईबापू? घरचं शेततळं हाय ना.”

मला शेततळ्यावर नेण्यात आलं. तीस मीटर बाय तीस मीटर, सगळं निळ्या प्लास्टिकच्या कागदाने मढवलेलं. माझ्या पतंगाच्या दोऱ्याच जवळजवळ तेवढ्या लांब. या टोकाला फळीवर उभा राहिलो असतो तर पुढच्या श्वासाला पलीकडच्या डाळिंबात. हे सांगायचं कसं, या विचारात मी होतो, तेवढ्यात अण्णांनी फळीच्या खालच्या बाजूला असलेले, माशाच्या परांसारखे पंख बोटाने चाचपून पाहिले. ते धारदार होते. अण्णांनी एकदा पंखांकडे पाहिलं, एकदा कागदाकडे, आणि म्हणाले, “धरणच बरं.”

धरण

दुपारी बरा वारा सुटला. काठावर म्हशी धुणारी, मासे धरणारी पंधरा-वीस माणसं होती. मी काळा रबरी सूट चढवला, पतंगात हवा भरली.

“कोन हाय हा? पाणबुडा का?” एकाने विचारलं.

“दाजी हायत आमचे,” संदीप म्हणाला. त्याच्या आवाजात अभिमान होता की माफी, ते ठरवता येईना.

गोड्या पाण्यात मी पहिल्यांदाच उतरत होतो. आपटलो तरी तोंड खारट होत नाही, हे सुख शब्दांत सांगता येणार नाही. चाळीस मिनिटं मी त्या धरणावर या काठावरून त्या काठाला जात होतो. माणसं टाळ्या वाजवत होती. म्हशी मात्र एकदाच बघून पुन्हा रवंथ करू लागल्या.

त्याच दुपारी गावातल्या सोपानतात्यांच्या बागेच्या मांडवाचा कोपरा वाऱ्याने खाली आला. दोन दिवसांनी मी पुन्हा पतंग काढला, त्या दिवशी शेजारच्या वस्तीवर कांदाचाळीचे दोन पत्रे उडाले. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, एवढंच मला त्यात दिसलं. खरं सांगायचं तर मला तेवढंही दिसलं नाही, कारण मला कुणी काही सांगितलंच नाही.

मांडे

त्याच्या दुसऱ्या दिवसापासून माझा मानपान एकाएकी वाढला. वारा सुटायची वेळ झाली, मी पिशवीला हात घातला, की कुणीतरी दारात हजर. “पाव्हणं, आमच्याकडं दोन घास खाऊन जा.” एका दुपारी चुलतसासऱ्यांकडे खापरावरचे मांडे. दुसऱ्या दुपारी शेंगोळे आणि वर शिरा. त्यापुढच्या दुपारी सोपानतात्यांकडे पुन्हा मांडे, सोबत वाटीभर तूप, आणि तात्या स्वतः ताटाशेजारी बसून “अजून एक” म्हणत होते. चार मांडे खाल्लेला माणूस फळीवर उभा राहू शकत नाही. तो कशावरच उभा राहू शकत नाही. मी रोज तीन ते सहा झोपायचो आणि उठल्यावर वाऱ्याचा आलेख पाहून हळहळायचो.

या पाहुणचाराच्या चौथ्या दिवशी पंप सापडेना. शोधताना तो सासूबाईंच्या पिठाच्या डब्यांमागे निघाला, जुन्या लुगड्यात गुंडाळलेला.

“हा इथे कसा?” मी वैशालीला विचारलं.

तिने दार लोटून घेतलं. “अरे, तुला कळत कसं नाही? तू पतंग काढलास की वारा सुटतो, असं अख्ख्या गावाचं म्हणणं आहे. मांडव पडला, पत्रे उडाले. बागांची काढणी तोंडावर आलीय. पण जावयाला ‘नको’ म्हणणार कोण? म्हणून जेवायला घालतात.”

जावई हा दहावा ग्रह, असं आपल्याकडे म्हणतात. तो हवामानही बदलतो, हे मला ठाऊक नव्हतं. मी तावातावाने बाहेर आलो आणि अण्णांना समोर बसवून शास्त्र समजावलं. जमीन तापते, हवा वर जाते, दाबातला फरक, सगळं. अर्धा तास बोललो. वारा असतो म्हणून मी पतंग काढतो. मी पतंग काढतो म्हणून वारा येत नाही.

अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. “बरोबर हाय तुमचं. शिकलेल्या माणसाचं चुकत नाय. पण तुम्ही काढला की येतो ना?”

“येतो, पण...”

“मंग झालं. काढणी होऊ द्या.”

मी पंप पुन्हा पिठाच्या डब्यांमागे ठेवला. राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण त्या माणसाने आठवडाभर मनात ठेवलं आणि एका शब्दाने दुखावलं नाही, याची लाजही वाटली. मग रोज सकाळी ओसरीवर आम्ही दोघं शेजारी बसून आपापल्या फोनवर एकच अंदाज बघायचो. मी मनात म्हणायचो, सुटू दे. ते म्हणत असणार, नको.

बुधवारी सकाळी

बुधवारी पहाटे अवकाळी पाऊस झाला. जेमतेम पाऊण तास, पण घसघशीत. उजाडल्यावर बाहेर आलो तर घरात कुणीच नव्हतं. सगळे बागेत.

पिकलेल्या द्राक्षाच्या घडात पाणी साचून राहिलं तर मणी तडकतात. एक तडकला की शेजारचा सडतो, आणि तडकलेल्या मण्यांचा माल परदेशी पाठवणारे व्यापारी हातात धरत नाहीत. त्यांचा माणूस दुसऱ्याच दिवशी बाग पाहायला येणार होता. म्हणजे दुपारपर्यंत घड वाळायला हवेत, नाहीतर अण्णांचं वर्षभराचं काम तिथेच मांडवाला लटकून नासणार. संदीप ट्रॅक्टरला ब्लोअर जोडून ओळींतून हवा मारत होता, पण चिखलात चाक रुतत होतं. सासूबाई सुपाने घडांना वारा घालत होत्या. वैशालीने केस वाळवायचं यंत्र लांब वायरीवर आणलं होतं आणि ती एकेक घड वाळवत होती. दोन एकर! मी न विचारता मांडवाच्या तारा हलवून पाणी झटकू लागलो, तर सासूबाई घाबऱ्या होऊन म्हणाल्या, “अहो, तुम्ही कशाला? पाय भरतील तुमचे.”

आभाळ गच्च आणि हवा साफ पडलेली. अंदाजात दिवसभर वारा शून्य.

नऊच्या सुमारास सोपानतात्या आठ-दहा माणसं घेऊन आले. सगळ्यांच्या बागा भिजल्या होत्या. अण्णा मांडवाखालून बाहेर आले, तशी तात्यांनी घसा खाकरला.

“पाव्हणं, मागचं मनात धरू नका. पतंग काढा.”

“तात्या, अहो, वारा नाही. वाऱ्याशिवाय तो उडतच नाही.”

“तुम्ही काढा तर. येईल.”

मी अण्णांकडे पाहिलं. त्यांनी नजर जमिनीकडे वळवली. या माणसाने जावयाकडे आजवर काही मागितलं नव्हतं, आताही मागणार नव्हता. सासूबाई आत गेल्या, लुगड्यातला पंप आणला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

हे सगळं खुळचटपणाचं आहे, हे माझ्याइतकं तिथे कुणालाच कळत नव्हतं. तरी मी निघालो. सूट चढवला, पट्टा बांधला, धरणाच्या काठावर पतंगात हवा भरली. तात्यांनी नारळ फोडला. पतंग गवतावर वाळत घातलेल्या गोधडीसारखा पडून राहिला. वीस मिनिटं झाली, अर्धा तास झाला. माणसं उकिडवी बसून पतंगाकडे बघत होती आणि मी घामाने निथळत होतो. मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. आणि लाजेखाली, कुणालाही कबूल करणार नाही अशा जागी, मी वाऱ्याची विनवणी करत होतो.

साडेदहाला पाण्यावर एक सुरकुती आली. मग दुसरी. पतंगाचं टोक थरथरलं.

“आला!” तात्या ओरडले आणि सगळी माणसं बागांकडे धावत सुटली. मी पाण्यात उतरलो तेव्हा काठावर माणूस नव्हता. एकसारखा, भरलेला, दमदार वारा. तसा मला हॉलंडातही क्वचित मिळाला आहे. तासभर मी तिथे एकटा सुसाटत होतो आणि शपथेवर सांगतो, अख्ख्या वेळात मी मण्यांचाच विचार करत होतो. वाळत असतील. नक्की वाळत असतील.

मग तो वाढला. पतंग मला झेपेना. एका झोतासरशी मी पाण्यातून उचललो गेलो आणि काठाच्या बाभळीपासून दोन हातांवर पडलो. कसाबसा पतंग खाली आणतोय तोवर संदीपची मोटारसायकल धडधडत आली. मागे अण्णा, डोक्यावर टोपी नाही. ते चालत्या गाडीवरूनच उतरले.

“जावईबापू,” त्यांनी हात जोडले, “घड वाळले. आता बंद करा!”

“अण्णा...”

“मांडव जातोय. बंद करा!”

शास्त्र सांगायची ही वेळ नव्हती. मी गुडघ्यावर बसलो, व्हॉल्व्ह उघडला, पतंगातली हवा फुस्स करून निघाली. आणि ती निघत असताना मी, चार वर्षं रोज सकाळी वारा मागणारा माणूस, पुटपुटलो, “बास कर रे बाबा.”

वारा थांबला नाही. आम्ही तिघं एकाच मोटारसायकलवर बागेकडे निघालो. मधे मी, ओल्या रबरी सुटात.

मांडवाचा सगळा भार कोपऱ्यावरच्या खांबांवर असतो, आणि खांबाला मागे ओढून धरणारी तार जमिनीत पुरलेल्या दगडाला बांधलेली असते. पावसाने माती सैल होऊन एका कोपऱ्याचा दगड उपटून आला होता. तार मोकळी फडफडत होती, खांब आत कलत होता, आणि त्यामागे दोन एकर वाळलेले घड लाटेसारखे हेलकावत होते. संदीप ट्रॅक्टर आणायला धावला; ट्रॅक्टर बागेच्या दुसऱ्या टोकाला रुतला होता. अण्णांनी तार हातात धरली, ती त्यांना फरफटत नेऊ लागली.

“धर रे! बघतो काय, धर!” अण्णा ओरडले.

बारा वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा ‘अरे-तुरे’ केलं. मी तारेच्या टोकाचा फास कमरेच्या आकड्यात अडकवला आणि मागे रेललो. टाचा चिखलात रोवल्या, पाठ जवळजवळ जमिनीला समांतर. झोत आला की रेलायचं, ओसरला की किंचित सैल व्हायचं. हे मला येत होतं. जगात मला एवढं एकच काम नीट येतं, आणि त्याची गरज अण्णांच्या बागेच्या कोपऱ्यावर पडेल असं इनेकेला सांगितलं असतं तर तिने मला वेड्यात काढलं असतं. खांब थांबला. अण्णा माझ्या पट्ट्याला मागून धरून बसले. जाणारी-येणारी माणसं काळ्या रबरी सुटातल्या जावयाला तारेला बांधलेलं पाहून थबकत होती, पण कुणीही “तुम्ही कशाला” म्हणालं नाही. सासूबाई एकदा धावत आल्या आणि म्हणाल्या, “अजून थोडं मागं.”

अर्ध्या तासाने संदीप ट्रॅक्टर घेऊन आला आणि तार त्याला बांधली. माझ्या कमरेला पुढे आठ दिवस काळानिळा वळ होता. वारा संध्याकाळी केव्हातरी पडला.

परत

दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्यांचा माणूस आला, त्याने घड उलटेपालटे करून पाहिले, कडेच्या दोन ओळी सोडून बाकी बाग पसंत केली. काढणी झाली. त्या दिवशी मी साठ क्रेट उचलले, आणि संध्याकाळी अण्णांनी मला माझा तांब्या माझा मला भरू दिला.

निघायच्या दिवशी मी पिशवी गाडीत ठेवायला गेलो तर अण्णांनी त्यावर हात ठेवला.

“पतंग राहू दे हितंच. अजून दोन प्लॉट उभे हायत.”

“अण्णा, मी तिकडे हवा भरली तर इकडे वारा कसा येईल?”

“तुझ्यावर इस्वास हाय रे,” अण्णा म्हणाले. “वाऱ्यावर नाय.”

पतंग आता त्यांच्या ट्रॅक्टरच्या शेडमध्ये आहे, घडी घालून, कुलपात.

मी काल इथे समुद्रावर गेलो होतो, नुसताच. वारा असा, की ओळखीचे सगळे पाण्यात. एकाने विचारलं, तुझा पतंग कुठे? मी म्हणालो, सासऱ्यांकडे, त्यांच्या दोन बागा उभ्या आहेत. तो “अच्छा” अशा अर्थाचं काहीतरी म्हणाला आणि आणखी विचारलं नाही. मी वाळूत वाऱ्याकडे पाठ करून बसलो आणि अण्णांना फोन लावला. तिकडे कसं आहे?

“आभाळ मोकळं,” अण्णा म्हणाले. “पान हलत नाय.”

बरं वाटलं. फार बरं वाटलं.